फाटकाबाहेरची पायरी

"पायरीवर बसून मी सही नाही करत," रुपराव म्हणाला आणि त्यानं रजिस्टर परत केलं.

भिवापूरजवळच्या त्या गावात पंचायतीची सभा मारुतीच्या देवळाच्या आवारात भरायची. बाकीचे पंच आत सतरंजीवर बसत. रुपराव बौद्ध वस्तीतून निवडून आलेला; तो फाटकाबाहेरच्या पायरीवर. आत काय ठरलं ते रजिस्टर बाहेर आलं की कळे.

साल दुष्काळाचं होतं. नागपूरहून गावासाठी एकच बोअरिंग मंजूर झालं होतं. मशीन उभी राहील अशा जागा दोनच : देवळाचं आवार, नाहीतर वस्तीपुढची पडीक. आवार सभेला लागतं, म्हणून पडीकच धरून चालले होते सगळे. वस्तीतल्या बाया कोसभरावरून, नाल्यात झिरे खोदून पाणी आणत. तो ठराव तरी रुपरावाला सगळ्यांत बसून करायचा होता.

"मंग कुठं भरवू सभा?" आतून सरपंच गोपाळरावांनी विचारलं.

"सगळ्यायले बसता येईन तिथं."

"तुह्या अंगणात येतो. चहा पाजशीन का?"

आत हशा पिकला. पण चौथ्या दिवशी नोटीस निघाली : सोमवारची सभा रुपरावाच्या अंगणात.

रुपरावाच्या बायकोनं, तुळसाबाईनं, प्यायच्या पाण्यातून अंगण सारवलं.

"खरंच येतीन काहो ते?"

"नाही आले तर सात कप चहा तूच पी."

आले. सातही जण आले. एकाच सतरंजीवर रुपरावाच्या मांडीला मांडी लावून बसले. गोपाळरावांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि घोटाघोटानं प्यायले. दाराआडून तुळसाबाईनं पदर डोळ्याला लावला.

"चहा फक्कड झाला गा," गोपाळराव म्हणाले. "आता यापुढं सभा इथंच. मंजूर हाय का?"

सगळ्यांचे हात वर झाले. रुपरावाचा सगळ्यांत आधी. ग्रामसेवकानं रजिस्टर पुढं केलं, तशी त्यानं पहिली सही ठोकली. मांडी घालून, सावकाश, पूर्ण नावानिशी.

"आता बोअरिंग," ग्रामसेवक म्हणाला. "जागा पडीकच लिहू ना?"

गोपाळरावांनी बशी खाली ठेवली.

"पडीक काहून? देवळाचं आवार आता रिकामंच झालं ना."