कप्पी

"पूर्वी होड्यांतून आलेली पोती या कप्पीनं माळ्यावर चढायची," नदीकाठच्या चिंचोळ्या घराकडे बोट दाखवत गाइड म्हणाला. "शेकडो वर्षांत इथला दगडही हललेला नाही." तेवढ्यात कप्पी कुरकुरली. "अजून चालते की!" म्हणत आम्ही मोबाइल वर धरले, फुकटचाच तमाशा. माळ्याच्या खिडकीतून दोराला लटकत बाहेर आली ती शवपेटी. "जिन्यात पेटी वळत नाही," टोपी काढत गाइड पुटपुटला, "आणि वारसा वास्तू म्हणून जिन्याला हात लावायची परवानगी नाही. म्हातारी कित्येक वर्षं उतरलीच नव्हती." दारात तिचा पिकल्या केसांचा मुलगा हात उंचावून उभा होता. मोबाइल गुपचूप खिशात गेले. माझी आई मात्र दोराकडेच बघत होती. सहलीसाठी तिला आमच्या बिनलिफ्टच्या चौथ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून उतरवलं होतं, वर्षभरानं. तिनं माझी बाही धरली. "घरी गेल्यावर मला वर नको नेऊस रे."