दुसरं कडवं

सौरवादळात जगातली सगळी ध्वनिमुद्रणं पुसली गेली, तेव्हापासून जुनी रेडिओवरची गाणी फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात उरली होती. सांगलीच्या संकलन केंद्रात दिगंबर खोतांच्या कपाळाला आठवणी काढून घेणाऱ्या यंत्राची पट्टी बांधली होती. चाळीस वर्षांपूर्वी दर बुधवारी पहिल्या नंबरवर वाजणारं एक गाणं पूर्ण आठवणारे ते एकटेच होते.

"गाण्याला चिकटलेलं बाकीचंही निघून येतं," तंत्रज्ञ बाईंनी आधीच बजावलं होतं. "मग ते परत आठवत नाही."

शशिकलाबाईंनी नवऱ्याला परोपरीनं विनवलं होतं. पण ते म्हणाले, "अगं, एवढं गाणं माझ्याबरोबर सरणावर कशाला न्यायचं?"

तासाभरानं यंत्रातून गाणं वाजू लागलं. बासरी, तबला, सगळं जसंच्या तसं. दाराशी जमलेल्या लोकांचे डोळे पाणावले. दुसऱ्या कडव्यात मात्र एक कोवळा आवाज गायिकेच्या पुढे पुढे धावत गाऊ लागला, आणि शशिकलाबाई ताडकन उठल्या. नवव्या वर्षी तापानं गेलेली त्यांची निमा रेडिओला कान लावून असंच गायची.

"मधला हा आवाज पुसू का?" तंत्रज्ञ बाईंनी विचारलं. "आठवण यांची आहे, तेव्हा यांनीच सांगायचं."

"अहो, आपली निमा आहे ती! नको म्हणा," शशिकलाबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

दिगंबररावांनी डोळे मिटून ते कडवं पुन्हा ऐकलं.

"कोणाची पोर आहे कोण जाणे," ते म्हणाले. "चांगल्या गाण्याचा विचका केलाय तिनं. काढून टाका."