पंधरावा संदेश

पटावर चौदा गैरहजर होते आणि संदेश पंधरा गेले होते. आदल्या दिवशी नऊला दहा. त्याच्या आदल्या दिवशी सोळाला सतरा. फरक नेहमी एकाचा.

संगणक कंपनीकडून आलेली ती शाळेच्या कार्यालयात हजेरीची प्रणाली नीट लावत होती. सगळ्या वर्गांची हजेरी आपोआप गोळा व्हायची आणि दहाच्या ठोक्याला गैरहजर मुलांच्या घरी संदेश जायचे. मूळ सॉफ्टवेअरला वर्षानुवर्षं कोणीकोणी जोडलेली एकेचाळीस प्लगिन्स, म्हणजे छोटे जोड-प्रोग्रॅम, होती. काही दुहेरी, काही बिननावाची. एकेक बंद करायचं, काय थांबतं ते बघायचं, लिहून ठेवायचं. घाई करायची नाही.

"सापडलं का भूत, शास्त्रज्ञबाई?" कारकून काका रोज विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता चहाला जायचे.

चौथ्या दिवशी दहाला पाच मिनिटं असताना तिनं एक बिननावाचं प्लगिन बंद केलं. बारा गैरहजर, बारा संदेश.

काका परतल्यावर तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हे बघा भूत. एका मुलीच्या घरी रोज संदेश जात होता. शाळेच्या नोंदवहीत नाव आहे, पण ती कुठल्याच वर्गात नाही."

काका बसले नाहीत.

"ते मीच करवून घेतलं होतं," ते म्हणाले. "पाचवीत होती. तापानं गेली, दोन वर्षं झाली. आई नाव काढायच्या अर्जावर सही करेना. म्हणाली, तुमचा संदेश येतोय तोवर ती नुसती गैरहजर आहे."

"आणि नाही आला तर?"

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. दहा पंचवीस. जिन्यावरून कोणीतरी धावत येत होतं.

दारात एक बाई उभी राहिली. पायात दोन वेगळ्या जोडांच्या चपला. हातात लहान मुलीची निळी पाण्याची बाटली, काठोकाठ भरलेली.

"आज संदेश नाही आला," तिला धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता. "म्हणजे आली ना ती? बाटली घरीच विसरली."

व्हरांड्यातून सातवीच्या मुली खेळाच्या तासाला निघाल्या होत्या. त्यांतली एक थबकली.

"काकू?"

बाई तिच्याकडे बघत राहिली. ही आणि तिची लेक एका बाकावर बसायच्या. डोक्याला डोकं लागायचं, इतक्या सारख्या. आता ही मुलगी बाईच्या कानापर्यंत आली होती.

बाईनं हातातल्या बाटलीकडे पाहिलं. पट्टा फार आखूड होता.

मुली निघून गेल्या. मग बाई आत आली, बाटली टेबलावर ठेवली आणि काकांसमोरच्या खुर्चीत बसली.

"तो अर्ज अजून खणातच असेल ना, काका? द्या. सही करते."