बोंबीलवालीचा दगड

दगडापुढे पळसाच्या पानावर पाच सुके बोंबील ठेवले होते. जमनाने ते ओळखले. मागच्या आठवड्यात मनोरच्या बाजारात तिनेच विकले होते.

तेव्हा डोंगरातल्या पाड्यावरची ही ठमी म्हणाली होती, "दोन वाटे दे बाय. एक घरात, एक आमच्या बोंबीलवालीच्या दगडाला." कोण गं ही बोंबीलवाली, असं जमनाने आपलं सहज विचारलं. "दर्याकडची व्हती. मानमोडीच्या साथीत आली, हितंच मेली. नाव कोणाला ठाव नाय." झालं! त्या दिवसापासून जमनाच्या जिवाला थारा नव्हता.

कारण त्याच तापाच्या साथीत, एकोणीसशे अठरा साली, दर्याकाठच्या घिवलीची एक बाई सुक्या मासळीची पाटी घेऊन डोंगरात गेली, ती परतलीच नव्हती. जमनाची आजी! तीन महिन्यांचं पोर पाळण्यात ठेवून गेली. पळाली, कुणाचा तरी हात धरला, असं गावाने ठरवून टाकलं. गावाच्या जिभेला काय हाड असतं? ते पोर म्हणजे जमनाचा बाप. आईने लाडाने त्याला 'नाखवा' म्हटलं होतं. तेवढंच तिचं देणं त्याला पुरलं, गाव त्याला शेवटपर्यंत नाखवाच म्हणायचं, आणि पाठीमागे 'टाकलेला'. मरताना त्याने बजावलं, तिचं नाव माझ्या घरात घेऊ नका.

आता जमनाच्या भावाची, एकनाथची सून सलोनी घराण्याची वंशावळ लिहायला बसली होती. एकनाथ म्हणाला, "आजीचा चौकोन कोराच ठेव." वयाच्या सत्तरीला टेकलेली जमना मात्र सलोनीला घेऊन बोईसरहून ठमीच्या पाड्याकडे जाणाऱ्या इको गाडीत बसली. आजी खरंच पळाली होती का, एवढंच तिला मरायच्या आधी कळायला हवं होतं. दर्याकाठची माणसं मेलेल्याला जाळतात. हरवलेलं माणूस मातीत शोधावं, हे घरात कुणाला सुचणार?

पाड्याच्या वरच्या अंगाला सागाखाली मेलेल्यांच्या दगडांची रांग होती. एकावरही अक्षर नाही. पण ठमी एकेकाला हात लावत चालली होती, घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी तशी.

"हे पाच एका आठवड्यातले," चिकटून उभ्या दगडांशी ती थांबली. "माझा आजा, आजी, तिघं पोरं. साथ आली नि घर पुसलं. तान्हा तेवढा वाचला. मेलेल्या आईला लुचत व्हता. ही तुमची बाय नाचणीवर बोंबील बदलायला दारात आली. तो रडला नि हिची चोळी भिजली."

जमनाने सलोनीचा हात घट्ट धरला.

"तशीच खाली बसली नि पोराला पदराखाली घेतला. दुसऱ्या पाड्यावरनं पोराची मावशी येईस्तोवर आठ दिस पाजलान् त्याला. मावशी आली तशी ही पाटी घेऊन उठली. माझा तान्हा घरी वाट बघतोय, म्हणाली. पण उंबऱ्यातच तापानं पडली. गाव कंचं, ते इचारायच्या आत वाचा गेली."

"मग पुरली?"

"आमच्या माणसाला आमी पुरतो, बाय."

जमनाला रडू आवरेना. सत्तर वर्षं बाप त्या बाईला शिव्या घालत जगला, आणि ती इथे माळावर वर्षावर्षाला बोंबील खात बसली होती! पण तीच कशावरून? साथीत अशा कितीतरी पाटीवाल्या मेल्या असतील. वेडं मन उगाच ओढ घेतंय, असं तिने स्वतःलाच दटावलं.

बोंबीलवालीच्या दगडाला खेटून आणखी एक दगड होता. "हा तोच तान्हा. माझा बा," ठमी म्हणाली. "मला तिच्याजवळ ठेवा, म्हणून सांगून मेला."

सलोनीने वही उघडली. "तुमच्या वडिलांचं नाव काय होतं, मावशी?"

ठमी ओशाळं हसली. "कसलं नाव नि कसलं काय! आमच्यात कोणाचंच नाय असलं. ती पाजताना त्याला त्याच नावानं हाक मारायची, मावशीनं ऐकलं नि तेच ठेवलं. बानं जल्मात व्हडी पायली नाय, पण अख्खा पाडा त्याला नाखवाच म्हणायचा."

जमना खाली बसली. दोन्ही दगडांवर तिने एकेक हात ठेवला. सलोनीची पेन्सिल हवेतच राहिली होती.

"लिही पोरी," जमना म्हणाली. "आजीचं नाव मंगळी. नि तिच्याखाली दोन पोरगे काढ. दोघांचं नाव नाखवा."