बागेसाठी सहा बाक

"पुन्हा उलटा करा," मेट्रनबाई म्हणाल्या.

"परत?" दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण गिऱ्हाईक सहा बाकांचं होतं. त्याने आणि टेम्पोवाल्याने मिळून बाक उचलला आणि पाय वर करून फरशीवर ठेवला.

बाई खाली बसल्या. पर्समधून लोहचुंबक काढून एकेका स्क्रूला लावून पाहिला. चिकटला नाही. म्हणजे गंजायची भीती नाही. मग बाटलीतलं पाणी लाकडावर शिंपडलं आणि घड्याळात बघत पाच मिनिटं थांबल्या. थेंब जसेच्या तसे उभे. मग चारही पाय एकेक करून गदागदा हलवले. लोक नवरासुद्धा एवढा पारखून घेत नाहीत, असं दुकानदाराच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

बाईंना थट्टा रुचायची नव्हतीच. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या वृद्धाश्रमाच्या बागेत खुर्चीचा पाय मोडला आणि मास्तरीण आजी खुर्चीसकट खाली आल्या. खुब्याचं हाड गेलं. अजून अंथरुणातच आहेत बिचाऱ्या. ती खुर्ची बाईंनीच पसंत केली होती. तीही कशावरून, तर रंगावरून! बागेत शोभून दिसेल म्हणून! कुणी त्यांना एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच जास्त लागत होतं. बाकीच्या खुर्च्या त्यांनी त्याच दिवशी भंगारात घातल्या. तेव्हापासून अठरा म्हातारी माणसं खोल्यांमध्ये भिंतींकडे बघत बसून होती. आज निघताना बाई त्यांना सांगून आल्या होत्या, उद्या सकाळचं ऊन बागेत खायचं.

"मॅडम, भरायची का गाडी?" टेम्पोवाल्याने तिसऱ्यांदा विचारलं. "मला पुढे दुसरं भाडं आहे."

"सरळ करा आधी."

बाक सरळ झाला. बाई त्यावर बसल्या. बसल्या बसल्या लहान मुलीसारख्या उड्या मारून पाहिल्या. मग टेम्पोवाल्याला शेजारी बसवलं. हा गडी चांगला अंगापिंडाने भरलेला. बाक कुरकुरलासुद्धा नाही.

"आणि तो पलीकडचा?" बाईंनी विचारलं. "त्याची किंमत दीडपट का?"

"तो बंगलेवाल्यांसाठी हो. नुसता भपका. लाकूड तेच, पॉलिश तेच. तुम्ही उगाच कशाला जास्त घालवता? शब्द देतो तुम्हाला, दहा वर्षं बघायला नको."

"मागच्या दुकानदारानेही शब्दच दिला होता."

"तो मी नव्हे, बाई."

सगळं तपासून झालं होतं. आता फक्त 'हो' म्हणायचं, आणि तेच तोंडातून बाहेर पडत नव्हतं. आयुष्यात एवढं भ्यायल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

तेवढ्यात दुकानाच्या पायऱ्या चढत एक म्हातारी आत आली. हातात जेवणाचा डबा.

"विसरून आलास ना? डोकं कुठे असतं रे तुझं?" तिने दुकानदाराच्या, म्हणजे लेकाच्या हातात डबा कोंबला. "दमले बाई चालून." आणि ती सरळ त्याच बाकावर टेकली.

बाई बाकाच्या पायांकडे बघत राहिल्या. बाक जागचा हलला नाही.

"घ्या!" दुकानदाराचा चेहरा फुलला. "माझी सख्खी आई बसलीय. आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

"कुणासाठी घेतेस गं?" म्हातारीने विचारलं.

"वृद्धाश्रमासाठी, आजी. अठरा जण आहेत आमच्याकडे."

"घे घे. चांगला ऐसपैस आहे."

बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदराने टिपलं. "भरा गाडी," त्या म्हणाल्या. टेम्पोवाला पळतच कोपऱ्यातल्या बाकांकडे गेला. दुकानदाराने पावतीपुस्तक उघडलं.

"चला, निघते मी," म्हातारी म्हणाली. तिने बाकाच्या कडेच्या लाकडी हातावर दोन्ही पंजे रोवले. म्हातारपणी माणूस गुडघ्यांच्या जोरावर उठत नाही, पंजांच्या जोरावर उठतो.

"आई, थांब!" दुकानदार पावतीपुस्तक टाकून धावला. "त्याच्यावर भार टाकू नकोस! मी उठवतो तुला." आणि त्याने तिला दोन्ही दंडांना धरून अलगद उभं केलं.

टेम्पोवाला अर्धा उचललेला बाक तसाच धरून उभा राहिला.

बाई पुढे झाल्या. सकाळपासून त्यांनी बाकाचे पाय वीस वेळा हलवले होते. बाकाच्या हाताला एकदाही शिवल्या नव्हत्या. मोडला होता तो पाय, म्हणून त्या पायच बघत बसल्या होत्या. आता त्यांनी बाकाच्या हातावर दोन्ही पंजे ठेवले आणि सगळा भार टाकला. कट् आवाज आला. बाकाचा हात सांध्यातून निसटून बाहेरच्या बाजूला कलला. बाई तोल जाऊन पुढे गेल्या आणि कशाबशा सावरल्या.

"तसं नाही, बाई," दुकानदार घाम पुसत म्हणाला. "धडधाकट माणसाला काही होत नाही हो त्याने. जरा बेताने उठलं की झालं."

म्हातारीने निसटलेल्या हाताकडे पाहिलं. बाईंच्या पांढऱ्याफटक पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ती लेकाकडे वळली.

"मग त्या अठरा जणांना रोज सकाळी उठवायला तू जाणार आहेस का रे?"