वरच्या पायरीवरची जोडी

"मरपाची जोडी कुणी अशी मागून घेतं का?" कनकाम्मांनी फोनवर विचारलं. "ती लग्नात देतात."

"लग्न नाही करायचं, अम्मा. कोलू मांडायचाय," संयुक्ता म्हणाली.

 पलीकडून फोन बंद झाला.

तंजावरकडच्या मराठी घरांनी ही रीत तमिळ शेजाऱ्यांकडून उचलली आणि मग शेजाऱ्यांपेक्षा कडक पाळली. नवरात्रात पायऱ्या लावून बाहुल्या मांडायच्या आणि सवाष्णींना बघायला बोलवायचं, तो कोलू. सगळ्यात वर लाल लाकडाची राजा-राणीची जोडी, तिचं नाव मरपाची. आईनं ती लेकीला लग्नात द्यायची आणि लेकीनं तिच्यावर आपल्या घरचा कोलू सुरू करायचा. दरवर्षी एक तरी नवी बाहुली आणायची. लेकीचं लग्नच झालं नाही तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. तिनं आईच्या कोलूपुढं गाणं म्हणावं, प्रसादाची उसळ, म्हणजे सुंडल, खावं आणि गप्प बसावं.

संयुक्तानं बरीच वर्षं तसंच केलं. मग अप्पा गेले आणि चेन्नईतल्या मैलापूरच्या घरचा कोलूही बंद पडला. बंद कर असं कनकाम्मांना कुणी म्हणालं नव्हतं. मांड असंही कुणी म्हणालं नाही. "आता सवाष्णींना मी कुठल्या तोंडानं बोलवू?" असं म्हणून त्यांनी स्वतःच विषय मिटवला, आणि नातेवाइकांना हायसं वाटलं. बाहुल्यांची पेटी माळ्यावर गेली. "मरपाची संयुक्ताची आहे, तिच्यासाठी ठेवलीय," एवढं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

संयुक्तानं चेन्नईतच नुंगंबाक्कमला स्वतःच्या पगारातून घर घेतलं होतं. चाळिशी उलटली होती, आणि रविवारी सकाळी बाल्कनीत कॉफी पिताना तिला आपण खूप सुखी आहोत असं वाटायचं. हे बोलून दाखवण्याची सोय नव्हती. ऐकणारा लगेच तिच्याकडे दयेनं बघायचा. यंदा तिनं ठरवलं, आपलं घर हे घर आहे आणि त्यात कोलू होणार. मरपाची मिळाली नाही तर मरपाचीशिवाय होणार.

तिनं उत्तर माडा वीथीवरच्या बाजारातून मातीच्या बाहुल्या आणल्या. भाजीवाली, वाण्याचं दुकान, आख्खी क्रिकेटची टीम. वरच्या पायरीवर मधोमध जागा रिकामी राहिली. शेवटी स्वयंपाकघरातून तिनं पितळी कॉफी फिल्टर आणला. या घरासाठी घेतलेली ती पहिली वस्तू. चिंच लावून लख्ख घासला आणि जोडीच्या जागी ठेवला. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. 'सगळ्यांनी यायचं,' असं खाली लिहिलं.

ग्रुपवर शुकशुकाट. फक्त सुनेत्रा आत्यानं हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं, आणि नवरात्राच्या सहाव्या दिवशी ती स्वतःच आली. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. तिनं पायऱ्या वरपासून खालपर्यंत न्याहाळल्या.

"छान आहे. पण नवरा नाही, सासर नाही. मग हा कोलू म्हणायचा कुणाच्या घरचा?"

"दारावर पाटी आहे ना, आत्या. येताना वाचली असशील."

आत्याचा चेहरा पडला. तेवढ्यात तिच्या मागून कुणीतरी खाकरलं. उघड्या दारात कनकाम्मा उभ्या होत्या. जिना चढून दम लागलेला, खांद्याला कापडी पिशवी.

त्यांनी कोलूपुढं उभं राहून हात जोडले. फिल्टरकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खुर्चीवर बसून पिशवीतून एक गाठोडं काढलं. अप्पांच्या जुन्या धोतराचा तुकडा संयुक्तानं लांबूनच ओळखला. कापड सुटलं आणि आतून ती लाल जोडी निघाली, तेल लावून पुसलेली.

 इतक्या वर्षांत आईनं तिचं म्हणणं पहिल्यांदाच मानलं होतं. ती घाईघाईनं उठली आणि जोडीला जागा करायला फिल्टर उचलू लागली.

"त्यास कशास हलवत्येस?" कनकाम्मा म्हणाल्या. "राहू दे तिथंच. शोभतोय."

"मग ही जोडी?"

"ही तुला देणार नाही. फोनवर नीट बोलले नाही, म्हणून समोर येऊन सांगत्ये."

आत्यानं समाधानानं मान हलवली. संयुक्ता फिल्टरवर हात ठेवून तशीच उभी राहिली. तिला इतकं वाईट वाटलं, की डोळ्यांतलं पाणी पुसायचंही सुचेना.

कनकाम्मांनी पिशवीत पुन्हा हात घातला. या वेळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाहुली निघाली. मातीची, करकरीत, रंगाचा वास अजून न गेलेला. चष्मा लावून पाय पसरून बसलेली एक आजी. ती त्यांनी मांडीवर राजा-राणीच्या शेजारी ठेवली.

"ही कुणासाठी?" आत्यानं विचारलं.

"तुझा फोटो बघितला आणि शेजारच्या पोराकडून माळ्यावरची पेटी उतरवून घेतली," कनकाम्मा लेकीला म्हणाल्या. मग त्यांनी तिन्ही बाहुल्या एकेक करून पिशवीत परत ठेवल्या आणि नणंदेकडे वळल्या. "उद्यापासून माझ्या घरी कोलू आहे, अक्का. गाणं म्हटल्याशिवाय सुंडल मिळणार नाही."