भूल उतरताना

पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तायारम्मांनी राजमहेंद्रीच्या त्या छोट्या इस्पितळात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "परक्याच्या हातून भूल नको. आमची सूनच देईल. एवढी शिकलीय, निदान एवढा तरी उपयोग होऊ दे."

डॉक्टर स्रवंतीने सासूच्या कपाळावर मेंदूच्या लहरी मोजणारी पट्टी चिकटवली, भूल दिली आणि अंग सैल पाडणारं औषधही दिलं. सर्जन कामात गुंतले असताना पडद्यावरचा आकडा अचानक चढू लागला. चाळीसचा सत्तर झाला. सासूबाई जाग्या होत होत्या. आता त्यांना सगळं ऐकू येणार होतं, पण बोटसुद्धा हलवता येणार नव्हतं.

"सगळं ठीक ना गं?" सर्जननी मान वर न करता विचारलं.

"ठीक आहे, सर."

भुलीच्या पंपाकडे गेलेला हात स्रवंतीने मागे घेतला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच सासूबाई तिचं बोलणं मध्येच तोडणार नव्हत्या. ती त्यांच्या कानाशी वाकली.

"अत्तय्या, चारचौघांत मला वांझ म्हणायचात ना? दोष तुमच्या मुलात होता. अजूनही आहे."

मग तिने भूल वाढवली. आकडा मुकाट खाली उतरला.

***

दुसऱ्या दिवशी तायारम्मांनी मुलाला आणि पाच वर्षांच्या नातवाला खाटेसमोर शेजारी शेजारी उभं केलं, आणि हातातली पेज निवून गेली तरी त्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिल्या.